पाना बसला पाहिजे

ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं हत्यारांची एक पेटी असतेच. ती बहुधा जिन्याखालीं असते, तिच्या कडीला गंज चढलेला असतो, आणि ती उघडली म्हणजे तिच्यांत पुष्कळ वस्तू सांपडतात. मात्र त्या वेळीं जी हवी असते तीच सांपडत नाहीं. मोटार दारांत उभी राहून कुरकुर करूं लागली, मिस्त्री चार दिवस येणार नाहीं असें कळलें, आणि घरधन्याच्या मनांत "आपणच बघूं या, त्यांत काय एवढें!" असा धाडसी विचार आला, कीं या पेटीचें भाग्य उघडतें. पुढें दोन तासांनीं काय होतें हें घरांतील मंडळींना ठाऊक असतें. बोटांना चिंध्या बांधलेल्या असतात, एक नट गोल झालेला असतो, आणि मिस्त्र्याला पुन्हां निरोप धाडलेला असतो.

आजच्या भाषणांत इंजिन दुरुस्त कसें करावें हें मी आपणांस सांगणार नाहीं. तें वीस मिनिटांत सांगण्यासारखें नाहीं, आणि प्रत्येक मोटारीचें तें निराळें असतें. मला सांगावयाचें आहे तें त्याच्या आधींचें. घरच्या घरीं इंजिनाला हात लावावयाचा असेल तर योग्य हत्यार ओळखावें कसें, मिळवावें कसें, आणि तें जवळ नसेल तेव्हां हात आवरून कां बसावें, एवढाच माझा विषय आहे. मी कांहीं यंत्रज्ञ नव्हे. माझें सर्व ज्ञान एका जुन्या मोटारीनें मला शिकविलें, आणि त्याची फी तिनें वेळोवेळीं वसूल केली.

ती मोटार म्हणजे माझ्या वडिलांची फियाट ११००. मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत ज्या गाड्या तयार होत असत, आणि ज्यांची पुढची पिढी ‘पद्मिनी’ या नांवानें मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत दिसत होती, त्यांच्यापैकींच ही एक. वडिलांच्या मागें ती पुण्याच्या घरीं माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर पत्र्याची एक जड पेटीही आली. पेटींत पान्यांचे दोन संच होते. त्यांतील एका संचाच्या दांड्यांवर लाल रंगाचा बारीक पट्टा मारलेला होता. तो शोभेचा असावा असें मला वाटलें.

एका पावसाळ्यानंतर या गाडीचें इंजिन अडखळूं लागलें. सपाट रस्त्यावर ती कशीबशी चाले. पण कात्रजचा घाट लागला कीं तिला धाप लागे. एका अनुभवी मिस्त्र्यानें आवाज ऐकून सांगितलें कीं, दट्ट्यांच्या कड्या झिजल्या आहेत. सबंध इंजिन खोलून सिलिंडर पुन्हां कातून घ्यावे लागतील. खर्चाचा आंकडा ऐकतांच गाडी विकून टाकावी असा विचार घरांत सुरू झाला. आईनें कांहींच मत दिलें नाहीं. आणि तिच्या त्या गप्प राहण्यामुळेंच मला विक्रीचा निश्चय करवेना.

आमच्या आळींत एस. टी. च्या दापोडी येथील कार्यशाळेंतून निवृत्त झालेले एक फोरमन राहत असत. त्यांना मीं ही हकीगत सांगितली. ते म्हणाले, "अहो, ताप आहे हें कपाळाला हात लावून कळतें, पण तो किती आहे हें कळायला थर्मामीटर लागतो. तुमच्या इंजिनाला कोणीं थर्मामीटर लावला का?" असें म्हणून त्यांनीं घरांतून गोल तबकडीचें एक दाबमापक आणलें.

या दाबमापकाचें काम अगदीं साधें असतें. इंजिन थोडें तापवून बंद करावयाचें, ठिणगीची जोडणी सोडवावयाची, सर्व स्पार्क प्लग काढावयाचे, आणि एकेका प्लगाच्या भोंकांत मापकाची नळी घट्ट बसवून, पायाखालचा खटका पूर्ण दाबून, स्टार्टरनें इंजिन फिरवावयाचें. दट्ट्या वर येतांना हवा किती दाबली जाते हें कांटा सांगतो. आमच्या पहिल्या सिलिंडरांत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेनऊ किलोग्रॅम भरला, दुसऱ्यांत पांच, तिसऱ्यांतही पांच, आणि चौथ्यांत पुन्हां साडेनऊ. मग फोरमनसाहेबांनीं दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांत चमचाभर इंजिनचें तेल सोडून पुन्हां माप घेतलें. कड्या झिजल्या असतील तर तेलामुळें फटी तात्पुरत्या बुजतात आणि कांटा वर चढतो. आमचा कांटा जवळजवळ होता तेथेंच राहिला. "शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांना एकाच वेळीं सारखीच कुरकुर सुरू झाली," फोरमनसाहेब म्हणाले, "म्हणजे मधली भिंत पडली म्हणून समजा." ब्लॉक आणि हेड यांच्यामध्यें जें गास्केट असतें तें दोन सिलिंडरांच्या मधल्या अरुंद पट्टींत जळालें होतें. इंजिन कातण्याचें कारण नव्हतें. एक गास्केट बदलावयाचें होतें.

दोष मिस्त्र्याचा नव्हता. त्यानें कानांनीं जेवढें कळतें तेवढें सांगितलें. परंतु त्या दिवसापासून हत्यारांची माझी व्याख्या बदलली. तोंवर हत्यार म्हणजे ज्यानें कांहीं फिरवितां येतें तें, अशी माझी समजूत होती. आतां मी हत्यारांचे तीन वर्ग करतों: पाहण्याचीं, उघडण्याचीं आणि मिटण्याचीं. घरगुती पेटींत बहुधा मधल्याच वर्गाची गर्दी असते, आणि बहुतेक सर्व अनर्थ त्यामुळेंच होतात.

पाहण्याच्या हत्यारांत दाबमापक आलें. झडपांची व प्लगाची फट मोजण्याच्या पातळ पोलादी पट्ट्या, ज्यांना फीलर गेज म्हणतात, त्या आल्या. विजेचा प्रवाह तपासण्याचें मीटर आलें. आणि नटबोल्ट मोजण्याचा व्हर्नियर कॅलिपर आला. अलीकडच्या मोटारींत आणखी एकाची भर पडली आहे. आपल्या देशांत २०१३ पासून नव्या मोटारींत सुकाणूच्या खालच्या बाजूस सोळा टोंकांची एक खांच असते. तिच्यांत छोटें वाचकयंत्र बसविलें म्हणजे इंजिनाच्या विद्युत्-मेंदूनें नोंदविलेले दोष सांकेतिक आंकड्यांनीं वाचतां येतात. मात्र एक सावधगिरी ठेवावी. तो आंकडा तक्रार कोठून आली हें सांगतो. कोणता भाग बदलावा हें सांगत नाहीं. तक्रारीलाच निकाल समजून चांगले भाग फेकून देणारे लोक मीं पाहिले आहेत.

आतां उघडण्याच्या हत्यारांकडे वळूं. आणि येथें मला माझ्या फजितीची गोष्ट सांगितली पाहिजे. गास्केट आणलें तेव्हां फोरमनसाहेब मुलीकडे सातारला गेले होते. आठ दिवस थांबलों असतों तर कांहींच बिघडत नव्हतें. पण दुखण्याचें मूळ सांपडल्यावर मला दम निघेना. हेड काढण्यापूर्वीं एक्झॉस्टच्या नळीचा जोड सोडवावा लागतो. त्याचे नट वर्षानुवर्षें तापून गंजलेले होते. पेटींतला एक पाना नटावर सहज सरकला. "बसला" असें मीं म्हटलें आणि सर्व जोर लावला. पाना फिरला, नट फिरला नाहीं. माझ्या बोटांचीं सालपटें निघालीं तीं निघालींच, पण नटाचे सहाही कोपरे झिजून तो सुपारीसारखा गोल झाला. मग मीं छिन्नी लावून हातोड्यानें तो फिरविण्याचा प्रयत्न केला, आणि नटाबरोबर आंतला स्टडच मोडून आला. मोडलेलें टोंक ओतीव लोखंडांत अडकलें. तें टर्नरकडून भोंक पाडून काढून घेण्यांत आणि नवे आटे पाडून घेण्यांत तीन आठवडे गेले.

नट १७ मिलिमीटरचा होता. पाना ११/१६ इंचाचा होता. ११/१६ इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक, नखाच्या जाडीएवढा. नवा, सैल नट असता तर तो अशा पान्यानेंही निघाला असता. गंजलेल्या नटाला मात्र तेवढी सवलत पुरते. पाना सपाट बाजूंवर न टेकतां कोपऱ्यांवर टेकतो, आणि सगळा जोर त्या सहा कोपऱ्यांवर येतो.

म्हणून योग्य हत्याराचा पहिला प्रश्न हा कीं, आपल्या मोटारीचें माप कोणत्या कुळांतलें आहे? आपल्याकडील जुन्या मोटारींत मुख्यत्वें तीन कुळें आढळतात. पहिलें इंची कुळ. उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होत असलेली अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यांतली. तिच्या १४८९ घन सेंटिमीटरच्या जुन्या इंजिनाला ७/१६, १/२, ९/१६ असे इंची पाने लागतात. परंतु त्याच अँबॅसडरमध्यें पुढें इसुझूचें १.८ लिटरचें जपानी इंजिन आलें, आणि त्याचीं मापें मिलिमीटरचीं. म्हणजे मोटारीचें नांव सांगून भागत नाहीं. इंजिन कोणतें तें सांगावें लागतें. दुसरें कुळ युरोपांतील मिलिमीटरचें. तेथील रिवाजाप्रमाणें ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचें डोकें १३ मिलिमीटरचें असतें, आणि १० मिलिमीटरच्या बोल्टाचें जुन्या पद्धतीनें १७ चें, नव्या पद्धतीनें १६ चें. तिसरें कुळ जपानी. तेथें त्याच ८ मिलिमीटरच्या बोल्टाचें डोकें बहुधा १२ चें आणि १० मिलिमीटरच्या बोल्टाचें १४ चें असतें. १९८३ च्या डिसेंबरांत आलेली मारुती ८०० ज्यांनीं घरीं खोलली आहे त्यांना ठाऊक असेल कीं १०, १२, १४ आणि १७ एवढे चार पाने हाताशीं असले म्हणजे तिचें बरेचसें काम उरकतें.

या कुळांत शेजारधर्म फार फसवा आहे. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, येथें १९ चा नट आणि ३/४ चा पाना यांचें सुखानें जमतें. पण १/२ इंच म्हणजे १२.७, या नटावर १३ चा पाना जातो, आणि जातो म्हणूनच घात करतो. ९/१६ म्हणजे १४.२९, त्यावर १४ चा जात नाहीं आणि १५ चा खुळखुळतो. जेथें पाना मुळींच बसत नाहीं तेथें धोका नाहीं, कारण माणूस थांबतो. जेथें तो जवळजवळ बसतो तेथेंच नटाचा नाश होतो.

जुन्या बाजाराची आवड असणाऱ्यांसाठीं चौथ्या एका कुळाचा उल्लेख केला पाहिजे. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोर बाजारांत कधीं कधीं फार सुंदर घडणीचे विलायती पाने मिळतात. त्यांवर १/२ असा आंकडा आणि पुढें ‘डब्ल्यू’ हें अक्षर असतें. तो १/२ इंची नट सोडवील अशा समजुतीनें आपण तो घेतों आणि घरीं येऊन पाहतों तों त्याचें तोंड ०.९२ इंच रुंद. ही व्हिटवर्थची पद्धत. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकारानें १८४१ साली मळसूत्राच्या आट्यांना एकच प्रमाण लावण्याची योजना मांडली. त्या पद्धतींतल्या पान्यावरचा आंकडा तोंडाची रुंदी दाखवीत नाहीं, तर बोल्टाची जाडी दाखवितो. पाना खोटें बोलत नसतो. तो निराळी भाषा बोलत असतो.

हें सर्व तोंडपाठ करण्याची गरज नाहीं. नटावरील माती, रंग व गंज तारेच्या ब्रशानें साफ करावा आणि व्हर्नियरनें समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर तीन ठिकाणीं मोजावें. आंकडा मिळाला कीं पाना निवडावा, तो पूर्ण आंतपर्यंत बसवावा, आणि जोर लावण्यापूर्वीं दोन बोटांनीं हलवून पाहावा. तो डुलला तर काढून ठेवावा. मला या परीक्षेस अर्धें मिनिट लागतें. ती पूर्वीं न केल्यामुळें तीन आठवडे लागले.

मापानंतर आकार. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो; रिंग पाना किंवा सॉकेट सगळीकडून धरतें. त्यांतही सहा कोनांचें सॉकेट बारा कोनांच्यापेक्षां घट्ट बसतें. बारा कोनांचें अडचणीच्या जागीं चटकन् लावतां येतें एवढाच त्याचा गुण. म्हणून गंजलेला नट प्रथम सहा कोनांच्या सॉकेटनें सैल करावा आणि मग उघड्या पान्यानें भराभर काढावा. स्क्रू पाना, ज्याचें तोंड लहानमोठें करतां येतें, तो नळाच्या कामाला ठेवावा. इंजिनाजवळ त्याला शक्यतों आणूं नये. जपानी कार्बुरेटरच्या फुलीच्या खांचेच्या स्क्रूंविषयींही असेंच सांगतां येईल. ते दिसावयाला नेहमींच्या फिलिप्स स्क्रूसारखेच दिसतात. परंतु फिलिप्सचा पेचकस त्यांत तळापर्यंत उतरत नाहीं, आणि जोर लावतांच वर चढून खांच कुरतडतो. जपानी खांचेचा निराळा पेचकस मिळतो. तो स्वस्त असतो. नवा कार्बुरेटर स्वस्त नसतो.

गंज हा बळानें हटत नाहीं, वेळानें हटतो. गंजांत शिरणारें पातळ तेल रात्रीं सोडावें, सकाळीं पुन्हां सोडावें, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनें हलके टोले द्यावे, आणि प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें नेऊन मग सोडवण्याच्या दिशेनें फिरवावें. गंजाची पकड कोणत्याही दिशेनें एकदां तुटली कीं पुरे.

आतां तिसरा वर्ग, मिटण्याच्या हत्यारांचा. उघडतांना झालेली चूक लगेच दिसते. मिटतांना झालेली चूक घाटांत दिसते. म्हणून हा वर्ग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपण कधीं लक्ष दिलें आहे का कीं १० मिलिमीटरचा पाना वीतभरही नसतो आणि २४ मिलिमीटरचा सव्वा वीत भरतो? ही लांबी हौसेनें ठरविलेली नाहीं. नटावर पडणारा पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले दांड्याची लांबी. नटापासून वीस सेंटिमीटरवर दहा किलोग्रॅमचा जोर लावला तर दोन किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारें वीस न्यूटन-मीटर, पीळ पडतो. नेहमींच्या ६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी बोल्टाला दहाच्या आसपास न्यूटन-मीटर पुरतात. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला पंचवीसच्या आसपास. लहान बोल्टाला लहान दांडा देऊन कारखानदारानें आपल्या हाताला आधींच लगाम घातलेला असतो. त्या दांड्यावर नळी चढवून लांबी दुप्पट करणें म्हणजे तो लगाम तोडणें. आवळतांना तर हें कधींच करूं नये.

हातांच्या अंदाजावर किती विश्वास ठेवावा, याचें उत्तम उदाहरण म्हणजे स्पार्क प्लग. पुष्कळ इंजिनांचें हेड ॲल्युमिनियमचें असतें आणि प्लग पोलादाचा. चौदा मिलिमीटरच्या आट्यांचा प्लग अशा हेडांत पंचवीस ते तीस न्यूटन-मीटरपर्यंतच आवळावयाचा असतो, आणि प्रथम तो बोटांनींच शेवटपर्यंत फिरवून बसवावयाचा असतो. बोटांनीं फिरत नसेल तर तो तिरपा लागला आहे असें समजून बाहेर काढावा. जो गृहस्थ तेथें पान्यानें जोर करतो तो पोलादानें ॲल्युमिनियमचे आटे कापीत असतो. प्लग किरकोळ किमतीचा असतो. पण आटे हेडाचे जातात.

पीळ मोजून देणारा पाना मिळतो; त्याला टॉर्क रेंच म्हणतात. त्याच्या मुठीवरील आंकडा हवा तेथें आणून ठेवला म्हणजे तेवढा पीळ होतांच तो ‘टक्’ असा आवाज करतो. तो आवाज ऐकला कीं थांबावें. खात्रीसाठीं आणखी एक हिसका देण्याची आपली जुनी संवय सोडावी. या पान्यानें नट कधींही सोडवूं नये, आणि काम संपल्यावर त्याचा आंकडा सर्वांत खालच्या खुणेवर आणून ठेवावा, नाहीं तर आंतली स्प्रिंग दबून तो चुकीचें सांगूं लागतो. हेडाचे बोल्ट तर एकदम पूर्ण आवळावयाचेच नसतात. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूस जात, दोन-तीन फेऱ्यांत, थोडा थोडा पीळ वाढवीत जावयाचें. काढतांना याच्या उलट, बाहेरून आंत. ओल्या कापडाच्या सुरकुत्या आपण मधून कडेकडे सारतों, तसाच हा प्रकार. नेमका क्रम आणि नेमका आंकडा त्या इंजिनाच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत छापलेला असतो. म्हणून तें पुस्तकही मी हत्यारांतच धरतों, आणि खरेदींत त्याचा नंबर पहिला लावतों.

खरेदीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. दुकानांत दोनशे नगांची चकचकीत पेटी पाहून मोह होतो. ती घेऊं नये. तिच्यांतील दीडशें नग कधींच लागत नाहींत, आणि जे लागतात ते पहिल्याच गंजलेल्या नटावर तोंड पसरतात. पोलाद चांगलें असावें, तोंडें स्वच्छ कातलेलीं असावीं, आणि मापाचा आंकडा खोल ठसठशीत उमटविलेला असावा. आपल्या नाशिकला तयार होणारे टापारियाचे पाने मीं वर्षानुवर्षें वापरले आहेत. घरच्या कामाला ते उत्तम आहेत. पुण्याला बोहरी आळींत आणि मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर सुटे नग मिळतात, आणि दुकानदाराला नुसतें "पाना द्या" असें न म्हणतां नट किंवा त्याचें माप दाखविलें तर तोही अगत्यानें सुचवितो. प्रथम एका टोंकास रिंग व दुसऱ्या टोंकास उघडें तोंड असलेले ८ ते १९ मिलिमीटरचे पाने घ्यावे. मग त्याच मापांचीं सहा कोनांचीं सॉकेटें आणि प्लगाचें खोल सॉकेट. मग फीलर गेज. मग टॉर्क रेंच. सॉकेट घेतांना त्याच्या मागच्या चौकोनी भोंकाचें मापही पाहावें. सॉकेट मिलिमीटरचें असलें तरी हें भोंक आजही इंचांतच, म्हणजे १/४, ३/८ किंवा १/२ इंच, असें सांगतात. तें आपल्या दांड्याशीं जुळलें पाहिजे. पुल्या ओढून काढण्याचें पुलर, झडपांच्या स्प्रिंगा दाबण्याचा कांटा, दाबमापक, हीं दोन वर्षांतून एकदां लागणारीं हत्यारें विकत घेण्यापेक्षां चार मोटारवाल्या स्नेह्यांनीं मिळून घ्यावीं. त्या निमित्तानें चहाही होतो आणि दुसरा एक डोळा कामावर राहतो.

एका हत्याराच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. मोटारीखालीं शिरावयाचें असेल तर जॅकवर विसंबूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं असतो, धरून ठेवण्यासाठीं नव्हे. सपाट, टणक जमिनीवर, चाकांना अटकाव लावून, मोटारीच्या भक्कम भागाखालीं दोन बाजूंस लोखंडी तिवया ठेवाव्या, गाडी हलवून पाहावी, आणि मगच खालीं जावें. विटा मुळींच ठेवूं नयेत. वीट सूचना न देतां फुटते. तिवया घरीं नसतील तर त्या दिवशीं ती दुरुस्ती करूं नये. नट गोल झाला तर टर्नर आहे. येथें चूक झाली तर कोणीच नाहीं.

कोठें थांबावें हेंही याच ओघानें सांगतों. ज्या इंजिनांत झडपांचा पट्टा एक दांता चुकला तरी दट्ट्या झडपांवर आदळतो, तें काम पुस्तक व खास खुणेचीं हत्यारें यांवांचून करूं नये. सुकाणूंतील हवेच्या पिशवीला हात लावूं नये. आणि इंजिनाबरोबर विजेची मोटर असलेल्या नव्या गाड्यांत नारिंगी वेष्टनाच्या जाड तारा दिसतील, त्यांपासून दूर राहावें. त्यांतील विजेचा दाब प्राण घेण्याइतका असतो. "माझ्याजवळ याचें हत्यार नाहीं" असें म्हणण्यांत कमीपणा नाहीं.

आमच्या फियाटची गोष्ट मात्र पुरी केली पाहिजे. टर्नरकडून काम होऊन आलें, फोरमनसाहेब सातारहून परत आले, आणि एका रविवारीं त्यांच्या देखरेखीखालीं मीं हेड बसविलें. पुस्तक त्यांच्या हातांत, टॉर्क रेंच माझ्या हातांत. त्यांनीं बोल्टाचा क्रमांक म्हणावा, मीं ‘टक्’ ऐकूं येईपर्यंत आवळावें. दाब पुन्हां मोजला तों चारही सिलिंडरांचे कांटे अगदीं जवळजवळ आले. दुपारीं आईला गाडींत बसवून कात्रजचा घाट चढलों. ती वाटेंत फारसें बोलली नाहीं, पण माथ्यावर पोहोंचल्यावर म्हणाली, "आतां पूर्वींसारखी वाजते."

संध्याकाळीं हत्यारें पुसून ठेवतांना फोरमनसाहेबांनीं पेटींतला एक पाना उचलून उजेडांत धरला. "हा लाल पट्टा कोणीं मारला?" त्यांनीं विचारलें.

"वडिलांनीं मारला असेल. आमच्याकडे याच्या आधीं एक मॉरिस मायनर होती."

"मग बरोबर. हे सगळे इंची आहेत. या गाडीला लावायचे नाहींत म्हणून त्यांनीं खूण करून ठेवली आहे." आणि मग, किंचित् हंसून, "त्यांनीं तुम्हांला सांगितलें होतें कीं!"

मीं त्या रात्रीं दोन्ही संच निराळे केले. लाल पट्ट्याचे पाने एका जाड कापडांत गुंडाळून बाजूला ठेवले, आणि पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूला रंगानें लिहिलें: "लाल म्हणजे इंची. फियाटला नको." माझी मुलगी तेव्हां बाहेरगांवीं शिकत होती, पुढें कधीं तरी पेटी तिच्याकडे जाईल. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या जिन्याखालीं अशी पेटी आहे त्यांना माझी विनंति आहे कीं, नवें कांहीं विकत घेण्यापूर्वीं एकदां ती उघडून, प्रत्येक पाना मोजून, नीट वाचून पाहावी.